अवजारं घेऊन आलेली माणसं

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना
मार्च 2025

ती. दादा व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

लेकीकडे सुखरूप पोचले. चार दिवसांत आम्ही पश्चिमेच्या डोंगरात जाणार आहोत. तिथं जाऊन मी काय बघणार, ते आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढची पत्रं नीट कळतील.

सप्टेंबरात तुम्ही घाबरून फोन केला होतात, ते हे हेलीन वादळ. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथल्या डोंगरात पोचलं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. डोंगरातल्या माणसांना चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्यावरच्यांची काळजी वाटायची. त्यात आधीचे दोन दिवस पाऊस लागूनच राहिला होता. जमिनीत पाणी मुरायला जागा उरली नव्हती. यान्सी काउंटीतल्या बुसिक या वस्तीवर तेवढ्या दिवसांत 30 इंचांहून जास्त पाऊस पडला. डोंगर उभे, घळी अरुंद, आणि सपाट जमीन काय ती ओढ्याकाठी, म्हणून घरंही तिथंच. दरडी आल्या, घरं गेली. ॲशव्हिल शहरात फ्रेंच ब्रॉड नदी 24.67 फुटांवर चढली. 1916 च्या महापुराची खूण एवढी वर्षं कायम होती, ती बुडाली. एकट्या या राज्यात शंभरावर माणसं गेली.

लेक म्हणते, सुरुवातीचे दिवस सगळ्यात वाईट गेले, कारण काही कळतच नव्हतं. फोन बंद, इंटरनेट बंद, रस्ते वाहून गेलेले. टेनेसीकडे जाणारा चाळीस नंबरचा हमरस्ता पिजन नदीच्या खिंडीत नदीनं खालून कापून नेला. आत्ता एक मार्चला कुठे दोन्ही बाजूंनी एकेक पदरी वाहतूक सुरू झाली आहे. अशा वेळी निरोप कशावरून गेले, ठाऊक आहे? हौशी रेडिओवाल्यांच्या यंत्रांवरून. माउंट मिचेल हे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं सर्वांत उंच शिखर. तिथं त्यांचं एक रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुढे दूरवर पाठवणारं यंत्र आहे, 145.190 मेगाहर्ट्‌झवर. ते वादळात टिकलं. अमुक घळीत एक म्हातारं जोडपं अडकलंय, तमुक घरातला ऑक्सिजन संपत आलाय, कुणाची लेक बापाचा ठावठिकाणा विचारतेय, असे निरोप माणसं रात्रंदिवस एकमेकांना पोचवत राहिली. ही सगळी परवाना काढून, पदरच्या पैशानं यंत्र घेऊन, एरवी हौसेखातर बोलणारी माणसं. कुणी नेमलं नव्हतं त्यांना.

रस्ता नव्हता तिथं खासगी वैमानिक आपली लहान विमानं आणि हेलिकॉप्टरं घेऊन गेले. आणि हेलिकॉप्टरालाही उतरायला जागा नव्हती तिथं खेचरं गेली! माउंटन म्यूल पॅकर्स नावाचा इथला एक तांडा आहे. त्यांच्या खेचरांच्या पाठीवरून इन्शुलिन, बाळांचं दूध, लंगोट असं सगळं वर चढलं. लेकीनं मला फोटो दाखवला, तर माझा विश्वास बसेना.

बाकी खुशाल. वहिनी, लोणच्याची बरणी फुटली नाही.

तुझी,
धाकटी

*

स्वानानोआ
मार्च 2025

ती. दादा,
सा. न.

आपल्या बाजारपेठेतला 22 जुलै 2021 च्या पुरानंतरचा वास तुला आठवतो ना, तसाच वास इथं एका घरात शिरल्यावर आला. सहा महिने होऊनही. या गावाला स्वानानोआ नदीनं अक्षरशः धुऊन नेलं. नदीकाठी अजून मोटारी चेपून पडलेल्या दिसतात, झाडांच्या शेंड्यांना प्लॅस्टिक अडकलेलं आहे. ते झाडावर किती उंच आहे हे बघितलं, की पाण्याची उंची वेगळी सांगावी लागत नाही.

आम्ही एका चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. लेक दर महिन्याला येते, या वेळी मीही. शेडमध्ये देणगीत आलेली अवजारं आहेत: चेनसॉ, जनरेटर, पाण्याचे पंप, खोलीतला ओलावा ओढणारी यंत्रं, फावडी, गमबूट. एका कोपऱ्यात एक गृहस्थ बसतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, आयुष्यभर गॅरेज चालवलेलं. वादळापासून ते रोज इथं येऊन फक्त इंजिनं दुरुस्त करतात.

त्यांच्याजवळ मी बराच वेळ बसले. देणगीत आलेली निम्मी यंत्रं आली तेव्हा चालतच नव्हती, असं ते म्हणाले. लोक मनापासून देतात. पण गॅरेजात दोन वर्षं पडलेली करवत देतात, टाकीतल्या जुन्या पेट्रोलसकट. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पडून राहिलं की ओलावा धरतं आणि कार्बोरेटरमध्ये चिकट राळ साठते. त्यांनी एक कार्बोरेटर उघडून माझ्या तळहातावर ठेवला. त्यातल्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, आणि ते हिरवट राळेनं बुजलेलं. बारीक तारेनं ते मोकळं केलं, फवारा मारला, पडदा बदलला, मग पन्नासाला एक या प्रमाणात तेल मिसळलेलं पेट्रोल घातलं, आणि तिसऱ्या ओढीला करवत चालू झाली. हे तेल मिसळायचं कुणी विसरलं, की इंजिन काही मिनिटांत जाम होतं. म्हणून प्रत्येक करवतीला त्यांनी पिवळी चिठ्ठी बांधली आहे: कुठलं पेट्रोल, कुठलं तेल, साखळीला धार केव्हा लावली.

जनरेटर तर त्याहून धोक्याचं यंत्र. घरात, पडवीत किंवा खिडकीखाली लावला, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि सरळ घरातल्या सॉकेटला जोडला, तर वीज उलटी खांबावर चढते आणि तिथं दुरुस्ती करणारा वायरमन मरतो. म्हणून या शेडमधून जनरेटर नुसता कुणाच्या हवाली करत नाहीत. बरोबर एक माणूस जातो, जागा बघून तो मांडून देतो, कार्बन मोनॉक्साइडचा गजर भिंतीला लावतो आणि दोन दिवसांनी पुन्हा बघून येतो. दादा, मला वाटतं सगळ्या मदतीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि बातम्यांत ती कुठंच येत नाही. यंत्र देणारे पुष्कळ असतात. यंत्राबरोबर येणारा माणूस फार थोड्यांना मिळतो.

शेडच्या दुसऱ्या टोकाला जुन्या कपड्यांचा ढीग छतापर्यंत गेला आहे. देणाऱ्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण ते कपडे निवडायला, सुकवायला, शेवटी टाकून द्यायला जे हात लागले, ते तेवढे दिवस गाळ काढायला मिळाले नाहीत. आपल्याकडेही त्या वर्षी साड्यांचे असेच ढीग आले होते, वहिनींना विचार.

माझं काम भिंती मोजायचं. इथली घरं लाकडी सांगाड्याची, त्यावर जिप्समच्या पाट्या. पुराच्या रेषेच्या वरपर्यंत त्या पाट्या कापून काढतात, आतलं भिजलेलं कापसासारखं अस्तर काढून टाकतात, बुरशी घासतात आणि मग थांबतात. घाईनं भिंत परत बंद केली, तर आत बुरशी वाढतच राहते. दोन टाचण्यांचं एक छोटं यंत्र मी लाकडात रोवते आणि आकडा वहीत लिहिते. सोळा टक्क्यांच्या खाली आलं की भिंत बंद करायची परवानगी. एका बाईंच्या स्वयंपाकघरात काल सतरा आला. त्या उद्या पुन्हा मोजायला या म्हणाल्या आणि त्यांनी मला मक्याचा ब्रेड बांधून दिला.

ॲशव्हिलची आणखी एक गोष्ट. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या वाहून गेल्या, धरणाचं पाणी गढूळ झालं. नळाला पिण्याजोगं पाणी आलं ते 18 नोव्हेंबरला. प्यायला बाटल्या मिळत होत्या. अडचण होती ती संडासाची. उंच इमारतींत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी बादली कशी चढवायची? तेव्हा ‘फ्लश एव्हीएल’ नावानं स्वयंसेवकांची फौजच उभी राहिली. लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्या पिकअप गाड्यांवर चढवल्या, न पिण्याजोगं पाणी भरलं आणि दारोदार जाऊन संडासात ओतलं. ज्यानं हे काम केलं त्याला मी फार मानते.

तुझी,
धाकटी

*

मार्शल
गुढीपाडवा, 30 मार्च

सौ. वहिनीस,
नमस्कार. पाडव्याच्या शुभेच्छा. इथं गुढी नाही, पण लेकीनं श्रीखंड आणलं आणि आम्ही ते सगळ्यांना वाटलं.

मार्शल हे फ्रेंच ब्रॉडच्या काठचं लहानसं गाव. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कडा, मधे एक रस्ता आणि त्यावर सगळी दुकानं. पाणी पहिल्या मजल्याच्या वर गेलं होतं. वहिनी, तुमच्या दुकानातला गाळ आपण किती दिवस काढत होतो! इथल्या गाळात डिझेल होतं, सांडपाणी होतं. पांढरे अंगरखे आणि मास्क घालून माणसांनी तो घमेल्यांनी उपसला. मग एक शेतकरी आपला बॉबकॅट लोडर घेऊन आला, दुसरा पाण्याचा टँकर, कुणी रस्ता धुवायला अग्निशामक दलाचा पाइप. इथल्या खेड्यांतलं अग्निशामक दलच मुळी बहुतेक स्वयंसेवकांचं: दिवसा सुतार, शिक्षक, ड्रायव्हर, आणि भोंगा झाला की बंबावर. आधी आपल्याच घरातलं पाणी सोडून ती माणसं दुसऱ्याच्या दारी गेली.

पिवळ्या शर्टातले बॅप्टिस्ट स्वयंसेवक तर सगळीकडे दिसतात. त्यांची स्वतःची फिरती स्वयंपाकघरं आहेत, अंघोळीचे आणि कपडे धुवायचे ट्रेलर आहेत. न्यू ऑर्लिन्सहून फुटप्रिंट प्रोजेक्टवाले सौर पॅनेलं आणि बॅटऱ्या घेऊन आले. ज्या शहरानं कतरिना वादळ सोसलं, तिथल्या माणसांना विजेवाचून पहिला आठवडा कसा जातो हे कुणी शिकवावं लागत नाही.

एक मात्र मला स्पष्ट लिहायचं आहे. सरकार आलंच नाही, असं इथं काही जण सांगतात आणि अफवाही खूप पसरल्या. ते खरं नाही. लष्कराची हेलिकॉप्टरं आली, नॅशनल गार्ड आलं, भरपाईचे पैसेही आले, उशिरा आणि अपुरे का होईनात. अफवांपायी मदतीला आलेल्या सरकारी माणसांना धमक्या ऐकाव्या लागल्या, याचा मला राग येतो.

तुमची,
धाकटी वन्सं

*

चिमनी रॉकजवळ
एप्रिल 2025

ती. दादा,
सा. न.

हे गाव अजून लोकांसाठी उघडलेलं नाही. आम्ही स्वयंसेवकांच्या गाडीतून आत गेलो. डोंगरावरून नदी गावात घुसली आणि दुकानांची रांगच्या रांग खाली लेक लूर तलावात गेली. जिथं दुकानं होती तिथं आता धोंडे आहेत.

पानगळीच्या दिवसांत वेस्ट व्हर्जिनियातून कोळसा खाणीतले कामगार आपली पोकलेन घेऊन इथं आले आणि बॅट केव्हकडून इकडे येणारा रस्ता त्यांनी नदीतल्याच दगडांवर बांधून काढला. हे काम नियमात बसतं की नाही यावर पुष्कळ वाद झाला. पण डोंगर उतरणीला कसा कापायचा, दगड कुठला धरेल आणि कुठला सरकेल, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते नुसते हौशी नव्हते, म्हणूनच ते काम झालं. आणि पेनसिल्व्हेनियाहून आमिश सुतार येत आहेत. ते स्वतः मोटार चालवत नाहीत. भाड्याच्या गाड्यांतून रात्रभर प्रवास करून येतात आणि उजाडताच छपरावर चढतात. आज मी त्यांच्यातल्या दोन तरुण मुलांना तुळई चढवताना पाहिलं. एकही मोठा शब्द नाही, नुसत्या नजरेवर काम चाललेलं.

पण मला तुला सांगायचंय ते पुलाबद्दल. मोठे रस्ते सरकार बांधतं. मात्र या डोंगरांत हजारो घरांचे रस्ते आणि साकव खासगी आहेत, ज्याचे त्यानं बांधलेले. ते वाहून गेले, तर सरकारी खात्यांत सहजी बसत नाहीत. काल एका घळीत गेलो. ओढ्यापलीकडे एकटी विधवा बाई राहते. सहा महिने ती ॲल्युमिनियमच्या शिडीवर फळ्या टाकून ये-जा करत होती. गॅसचा टँकर पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून थंडी तिनं शेगडीवर काढली. रुग्णवाहिका तर दूरच.

तिथं काल पूल झाला. रस्तेबांधणीतून निवृत्त झालेला एक माणूस आपला पोकलेन घेऊन आला. डिझेलचा खर्च शेजाऱ्यांनी उचलला. लोखंडी तुळया कुणीतरी पाडलेल्या गोदामातल्या दिल्या. आधी त्यानं दोन्ही काठांना खडक लागेपर्यंत खणलं, मातीवर टेकू द्यायला तो तयार नव्हता. पुराच्या खुणेहून पुलाची उंची किती ठेवायची यावर बराच वेळ बोलणं चाललं, आणि ती बाई म्हणेल तेवढी ठेवायची असं ठरलं. पाणी कुठवर आलं होतं ते तिनेच तर पाहिलं होतं. संध्याकाळी फळ्या ठोकून झाल्यावर पहिली गाडी गेली ती तिच्या शेजाऱ्याची, मागे गॅसचे दोन सिलिंडर बांधून.

परत येताना त्या घळीच्या अग्निशामक ठाण्यात थांबलो. भिंतीवर प्लायच्या फळीवर यादी रंगवलेली आहे: ट्रॅक्टर कुणाकडे, चेनसॉ कुणाकडे, रेडिओ कुणाकडे, नर्स कोण, घरी ऑक्सिजनवर कोण आहे, कुणाला उचलून आणावं लागेल. वादळाआधी ही यादी नव्हती.

मी मेअखेर येते आहे. जूनच्या आधी आपल्या आळीची अशी यादी करू. होडी कुणाकडे आहे, वरच्या मजल्यावर किती जण मावतील, इंजेक्शन कोण देऊ शकतं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या घरांत आहेत. गणपती मंडळाच्या पोरांशी तू बोलून ठेव, ती करतील. आणि तुझा पंप गोठ्यात पडून आहे त्याची टाकी आत्ताच रिकामी कर, फूट-व्हॉल्व्ह बदलून घे आणि एकदा चालवून बघ.

तुझी,
धाकटी