पंच्याऐंशीची लेन्स घ्यावी का?

गेले चार महिने एक लेन्स माझ्या मोबाईलवरच्या खरेदीच्या यादीत पडून आहे. निकॉनची ८५ मिमी, एफ १.८. किंमत तीस हजारांच्या आसपास. सेल लागला की थोडी उतरते, सेल उठला की पुन्हा चढते. इशाची नमाज झाली, जेवण झालं की मी रोज ती यादी उघडतो, लेन्सकडे बघतो, लोकांचे अभिप्राय वाचतो आणि बंद करतो. परवा बायकोने विचारलंच, "एवढं बघून तर एखाद्याला पाठ झाली असती. घ्यायची तर घेऊन टाका, नाहीतर सोडा तरी."

घेऊन टाकणं सोपं नाही आणि सोडणंही सोपं नाही. म्हणून म्हटलं, लिहून बघावं.

माझ्याकडे पोर्ट्रेटची लेन्स नाही, असं नाही. ५० मिमी, एफ १.८ आहे. माझा कॅमेरा लहान सेन्सरचा. त्यावर ५० ची लेन्स जुन्या फिल्मच्या हिशोबाने ७५ सारखी वागते, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यासाठी चांगलीच. ८५ ची लेन्स त्याच हिशोबाने सव्वाशेच्या पुढे जाते. एक चालू लेन्स हाताशी असताना दुसरी कशाला, हा प्रश्न कुणीही विचारेल. मीही विचारतोय.

याची सुरुवात अब्बांच्या फोटोपासून झाली.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते गेले तेव्हा पेन्शनच्या कागदांना फोटो लागला आणि आम्ही सगळ्यांनी घर पालथं घातलं. आमच्या घरात भिंतीवर फोटो लावत नाहीत. नमाज पढायच्या खोलीत तसबीर नको, हा अम्मीचा नियम. तसबिरीबद्दल आपल्याकडे किती मतं आहेत ते वाचकांना सांगायला नको. कुणी सगळंच नाजायज म्हणतात, कुणी म्हणतात कॅमेऱ्यातलं चित्र हे आरशातल्या प्रतिबिंबासारखं आहे. अब्बा या वादात कधी पडले नाहीत. ते फक्त कॅमेरा दिसला की उठून जायचे. कपाटातल्या अल्बममध्ये ते सापडले ते असे: एका लग्नात पाठमोरे, एका ईदला अर्धे चौकटीबाहेर आणि एकदा कुणाच्या तरी खांद्यामागे. समोरून काढलेला नीट फोटो एकच निघाला, एसटीच्या ओळखपत्रावरचा, गालावर गोल शिक्का बसलेला.

तो फोटो स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला. त्या माणसाने मेहनतीने शिक्का काढला, चेहरा साफ केला. आणि साफ करताना भुवईजवळचा व्रणही काढून टाकला. जॅकचा दांडा उसळून लागला होता तो, मी शाळेत असताना. अम्मीने फोटो हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि परत दिला. "ये उनो नईं," एवढंच म्हणाली. फोटो कागदांना लागला, काम झालं. पण मी पुढच्याच वर्षी कॅमेरा घेतला त्यामागे हे एक वाक्य होतं.

आता ८५ च्या लेन्सचं भूत कुठून आलं ते सांगतो. माझा एक दोस्त लग्नाचे फोटो काढतो. गेल्या हिवाळ्यात चुलत बहिणीच्या निकाहला त्याने आपली ८५ ची लेन्स दहा मिनिटं माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली. मांडवाच्या पलीकडे फुफी बसली होती. माझं तिच्याकडे लक्ष आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नवरीकडे बघत होती, ओढणीचं टोक दातात धरून. मी तीन फोटो घेतले. मागची रोषणाई विरघळून नुसते मऊ गोळे झाले होते आणि त्यात फुफीचा चेहरा, डोळ्यातल्या पाण्यासकट. असा फोटो माझ्याकडून आधी कधी निघाला नव्हता. घरी येऊन त्याच रात्री लेन्स यादीत टाकली.

मग अभ्यास सुरू केला. मी मूळचा हिशोबी माणूस. अभ्यासातून पहिली गोष्ट कळली ती ही की चेहऱ्याचा आकार लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. मोबाईल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कारण मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ असतो. मागे सरका, नाक जागेवर येतं. लांब लेन्सचं काम इतकंच की मागे सरकूनही चेहरा चौकटीत पुरेसा मोठा राहतो.

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी थोडा हिरमुसलो. चेहरा चौकटीत सारखाच मोठा ठेवला आणि आकडा दोन्हीकडे एफ १.८ च ठेवला, तर ५० आणि ८५ मध्ये धारदार राहणारा भाग जवळजवळ सारखाच असतो. डोकं आणि खांदे घेतले तर जेमतेम ५ सेंटिमीटर. फरक पडतो तो मागे. ८५ च्या लेन्सचं तोंड प्रत्यक्षात ४७ मिलिमीटर उघडतं, ५० चं २८. त्यामुळे लांबवरचे दिवे ८५ मध्ये पावणेदोन पट मोठे विरघळतात. फुफीच्या मागचे ते गोळे हेच. पण त्यासाठी मागे लांबवर दिवे असावे लागतात. आमच्या घरात माणसाच्या मागे दीड फुटावर गोदरेजचं कपाट असतं.

मग मी टेप घेऊन खोली मोजली. १० बाय ११. त्यात पलंग, कपाट आणि शिलाई मशीन. मोकळी जागा साडेसात-आठ फूट. डोकं आणि खांदे घ्यायचे तर माझ्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स साडेचार फुटांवरून घेते, ८५ ला साडेसात फूट लागतात. कमरेपर्यंत माणूस हवा असेल, म्हणजे हात, हातातली तस्बीह, मांडीवरचं सूप, हे सगळं हवं असेल, तर ५० ला सात फूट पुरतात. ८५ ला बारा लागतात. म्हणजे अम्मीचा तसा फोटो घ्यायला मला शेजाऱ्यांच्या घरात उभं राहावं लागेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही हेच. तिथले कारागीर जमिनीवर बसून काम करतात, वर भोपळे टांगलेले, बाजूला लाकूड. तिथे ५० लावूनसुद्धा माझी पाठ दाराला टेकते.

जुनी, स्वस्तातली ८५ घ्यावी असाही विचार केला. दोस्त म्हणाला, जुन्या 'डी' मालिकेतली वापरलेली मिळते, पण माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ती लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागेल. ५ सेंटिमीटरच्या हिशोबात, हलणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर, हाताने. माझा चष्मा बघता ते बाद केलं.

इतका अभ्यास झाल्यावर एका रविवारी मी आणखी एक मोजणी केली, आणि खरं तर तिथेच लेख संपायला हवा होता. कॉम्प्युटरवर तीन वर्षांचे फोटो लेन्सप्रमाणे वेगळे केले. ५० च्या लेन्सवर काढलेले निघाले २६०० च्या वर. दर्ग्याचा उरूस, गल्लीतली मांजरं, पावसातला कृष्णेचा घाट, पोरांचे वाढदिवस, भाजी मंडई. त्यात घरातली, साठीच्या पुढची माणसं किती? ३१ फोटो. त्यातले १९ ईदच्या दिवशीचे घाईतले, कुणाचे डोळे मिटलेले, कुणी दुसरीकडेच बघतंय. अम्मीचे चार.

ज्या कारणासाठी कॅमेरा घेतला, त्या कारणाचे ३१. हे लेन्सच्या माथी कसं मारणार?

आणि आणखी खरं सांगायचं तर अब्बा असताना माझ्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल होता. पाच-सहा वर्षं होता. फोटो निघाला नाही तो यंत्र नव्हतं म्हणून नाही. "अब्बा, जरा बसा, तुमचा फोटो काढतो," हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही म्हणून. आमच्या घरात बापाशी असं बोलायची रीत नव्हती. पगार झाला का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं. बसा, मला तुमच्याकडे बघायचंय, हे कसं म्हणायचं? त्यांनी "कशाला?" विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते जिवंत माणसाला सांगता येत नाही.

हे लक्षात आल्यावर मला ८५ ची ओढ का आहे तेही कळलं. फुफीचा फोटो मी तिला न विचारता घेतला होता. वीस फुटांवरून. लांब लेन्स मला विचारण्यापासून सोडवते.

या संदर्भात एक फोटो नेहमी डोक्यात येतो. १९८४ मध्ये स्टीव्ह मॅककरी यांनी पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. हिरवे डोळे, लाल फाटकी ओढणी. लेन्स १०५ मिमीची होती. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. पोर्ट्रेट लेन्सवर लिहिणारे त्याचा दाखला हमखास देतात. पण त्या मुलीचं नाव शरबत गुल, हे जगाला कळलं २००२ मध्ये. सतरा वर्षं तिचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता, नाव कुणालाच माहीत नव्हतं. मॅककरींचं कसब नाकारायचं नाही. पण माझ्या फुफीचं नाव मला माहीत आहे. तिच्यासमोर जाऊन बसायला मला वीस फुटांची आड कशाला?

लेन्सचा इतिहास पाहिला तर पोर्ट्रेट लेन्स ही आधी उजेडाची सोय होती. १८४० मध्ये व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी एफ ३.६ ची लेन्स आखली. त्याआधी फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. या लेन्समुळे आणि रसायनांतल्या सुधारणांमुळे ते काम सेकंदांवर आलं. बसणाऱ्याचे हाल कमी व्हावेत म्हणून केलेली गोष्ट होती ती. पार्श्वभूमी विरघळवण्याचं कौतुक आपण नंतर चिकटवलं.

पैशाचंही बोललं पाहिजे. तीस हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. हप्त्यांवर मिळते, पण अब्बांनी आयुष्यात हप्त्यावर काही घेतलं नाही आणि ती सवय मलाही लागली आहे. इसराफ हा शब्द आपण शादीच्या खर्चावरून दुसऱ्यांना ऐकवतो. छंदावर खर्च करणं म्हणजे लगेच इसराफ असं मी मानत नाही. ज्याचं पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं त्या माझ्या दोस्तासाठी ८५ ही गरजच आहे. हॉलमध्ये, मांडवात त्याला तेवढं अंतर मिळतं आणि हवंही असतं. माझ्यासाठी मात्र आधीच्या लेन्सचं काम बाकी असताना दुसरी घेणं हे इसराफच्या फार जवळ जातं. मी कुणाला फतवा देत नाहीये, माझा हिशोब मांडतोय.

मागच्या जुम्याला नमाजीहून आलो तेव्हा अम्मी दारात, उजेडाला बसून मेथी निवडत होती. मी कॅमेरा घेतला, ५० लावली आणि समोर जमिनीवर बसलो. म्हटलं, "अम्मी, तेरा फोटो काढतो."

"इत्ती काचां लेके क्या करता रे?" ती म्हणाली. मग विचारलं, "भिंतीवर लावणार?"

"नाही. कपाटात ठेवणार."

ती थोडा वेळ मेथीच निवडत राहिली. मला वाटलं, उठून जाईल. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "ठीक है. पर मुंह साफ नको करना उस स्टुडिओवाले सरीखा. जैसा है वैसा रख."

साधारण चाळीस फोटो घेतले. पहिले दहा-बारा आखडलेले आले. मग ती मला अब्बांच्या त्या व्रणाची गोष्ट सांगायला लागली. वर्कशॉपमधून रक्ताळलेला रुमाल बांधून आले होते आणि वर म्हणत होते, काही नाही, जेवायला वाढ. मला हे माहीत नव्हतं. सांगताना ती हसली. तेव्हाचा एक फोटो आहे. तिच्या मागे कपाट आहे, कपाटावरची कुलूपपट्टीसुद्धा दिसते. ८५ ने ती कदाचित थोडी जास्त पुसली असती.

लेन्स मी यादीतून काढली आहे. कायमची नाही. पुढच्या वर्षी भाच्याचं लग्न आहे, तेव्हा दोन दिवस भाड्याने घेईन आणि पुन्हा फुफीच्या मागचे दिवे विरघळवीन, तिला सांगून. बाजूला काढलेल्या पैशांतले थोडे चांगल्या कागदावर प्रिंट काढायला ठेवलेत, कारण कॉम्प्युटरमधले फोटो घर पालथं घातलं तरी सापडत नाहीत.

या रविवारी तासगावला मोठ्या मामूंकडे जाणार आहे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जवळच बसावं लागेल. साडेचार फूट पुरतील.