उणे बारा व्होल्ट

बाजारांत ७९१२ ह्या आंकड्यानें ओळखला जाणारा तीन पायांचा एक लहानसा तुकडा मिळतो. आंत येणारा ऋण विद्युद्दाब कमीजास्त झाला तरी बाहेर उणे १२ व्होल्टच द्यावयाचे, एवढेंच त्याचें काम. त्याचा धन बाजूचा भाऊ ७८१२ आमच्या मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ह्या ऋण भावाकडे मात्र तीं जरा संशयानेंच पाहतात. "सर, शून्याहून कमी वीज ती कसली?" असें दरवर्षीं कोणीतरी विचारतोच. शून्य ही आपण मानलेली एक पायरी आहे, तिच्या खालींहि जिना उतरतो, असें मी सांगतों.

डेव्ह फुलॅगर ह्यांनीं सन १९६८ मध्यें फेअरचाइल्ड कंपनींत सिद्ध केलेला ७४१ हा ऑप-अँप शाळांतून अद्याप वापरतात. शून्याच्या दोन्ही अंगांस हेलकावणारी ध्वनीची लहर त्यांतून सहज न्यावयाची, तर त्यास धन व ऋण असे दोन्ही पुरवठे द्यावे हें बरें.

गेल्या वर्षीं वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यानें विज्ञान-प्रदर्शनासाठीं असा दुहेरी पुरवठा जुळविला. ७८१२ च्या पायांचा क्रम आगम, भूमि, निर्गम असा. ७९१२ चा भूमि, आगम, निर्गम असा. हें त्यानें नीट पाहिलें होतें. तरीहि कळ दाबतांच ट्रान्सफॉर्मर घुमूं लागला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोहि गेला. प्रदर्शन उद्यां सकाळीं! "माझ्या हाताला यशच नाहीं," असें पुटपुटत तो सामान गोळा करूं लागला.

मीं त्याच्या हातीं मीटर दिलें आणि दोन्ही तुकडे ज्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळले होते, ती तपासावयास सांगितली. ७८१२ ची धातूची पाठ भूमीशीं जोडलेली असते, ७९१२ ची आगमाशीं. पट्टी एकच असल्यानें ऋण प्रवाह थेट भूमीकडे धांवत होता.

"पण कारखानदारांनीं असें उलटें कां केलें?" त्यानें रागानें विचारलें. हा प्रश्न मला त्या साऱ्या यंत्राहून अधिक आवडला. सिलिकॉनच्या ज्या चकतीवर हें मंडल घडवितात, तिचा तळ मंडलांतील सर्वांत ऋण बिंदूशीं जोडावा लागतो, आणि तो तळ धातूच्या पाठीवरच डकविलेला असतो. धन नियंत्रकांत असा बिंदु म्हणजे भूमि. ऋण नियंत्रकांत तो आगम. नियम दोहोंकडे एकच आहे, हें कळल्यावर त्याचा राग ओसरला.

मग अभ्रकाचा पापुद्रा व स्क्रूभोवतीं प्लास्टिकचें बुश बसविलें. निर्गमापाशीं १ मायक्रोफॅरडचा टँटालम कपॅसिटर लावला. त्यावांचून हा तुकडा अस्थिर होऊन आपणच कंप पावूं लागतो. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरपासून सुमारें १६ व्होल्ट मिळत होते. त्यांतील ४ व्होल्ट उष्णता होऊन जावयाचे; अर्धा अँपियर घेतला तर २ वॅट. पट्टी हातास कोमट लागली. रात्रीं साडेनऊला मीटरवर उणे ११.९ दिसले.

"बारा नाहींत, सर."

मीं तक्ता पुन्हां उघडावयास लाविला. त्यानें बोट ठेवून वाचलें: ११.५ ते १२.५.