मावशींचे मत

१९८७ च्या डिसेंबरात आम्ही पार्ले पूर्वेला एका चाळीत राहत होतो. विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती आणि १३ तारखेला मतदान होते. संध्याकाळी कचेरीतून परतताना स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की कर्ण्यांचा आवाज कानी येई. त्या वर्षी त्या आवाजात एक निराळा सूर होता. पाणी, रस्ते, महागाई हे नेहमीचे विषय मागे पडले होते. हिंदूंनी हिंदू म्हणून, आपल्या धर्मासाठी मत द्यावे, असे आवाहन शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे आपल्या भाषणांतून करीत होते. उमेदवार होते मुंबईचे महापौरपद भूषविलेले डॉ. रमेश प्रभू. ते निवडून आले.

चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत एक निवृत्त शिक्षक राहत. लहानथोर सगळे त्यांना गुरुजी म्हणत. जन्माने हिंदू, पण घरात देव्हारा नव्हता. चाळीच्या सत्यनारायणाला वर्गणी देत, तीर्थप्रसादाला मात्र जात नसत. आगरकरांचे निबंध त्यांच्या उशाशी असत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गॅलरीत उभे असताना त्यांनी आम्हांला विचारले, "उद्या तुमच्यातला कोणी उभा राहिला आणि क्रूस दाखवून मते मागू लागला, तर तुम्ही काय कराल हो?"

आम्ही हसलो. म्हणालो, "गुरुजी, आम्ही मूठभर माणसे. आमच्याकडे कोण मते मागायला येतो?"

त्यांना ते उत्तर पटले नव्हते. आज आम्हांलाही पटत नाही. मूठभर असणे ही परिस्थिती आहे, तो काही सद्गुण नव्हे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकलो होतो, की नीतीचा उगम देवापासून आहे. आमची आई तेच सोप्या शब्दांत सांगे: देवाचे भय नसलेल्या माणसाला उधार देऊ नये. गुरुजींकडे पाहून आमची पंचाईत होई. चाळीच्या दुरुस्तीचा निधी त्यांच्याकडे असे आणि हिशेब पैशापर्यंत जुळे. स्वर्गाची आशा नाही, नरकाची भीती नाही, पापनिवेदनाची सोय तर नाहीच. मग हा मनुष्य कोणाच्या धाकाने इतका सरळ वागतो?

जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दुसऱ्यांदा पेटली, तेव्हा या प्रश्नाने आम्हांला चांगलेच गाठले. तळमजल्यावर एक मुसलमान शिंपी बायकोमुलांसह राहत असे. त्या आठवड्यात एका रात्री दहाबारा तरुण चौकात शिरले आणि शिंप्याची खोली कोणती, असे विचारू लागले. आम्ही दार आतून लावून जपमाळ हाती घेतली. गुरुजी मात्र खाली उतरले. शांतपणे म्हणाले, "तो गावाला गेला, महिना झाला." शिंपी, त्याची बायको आणि दोन मुले त्या वेळी गुरुजींच्याच खोलीत, मोरीच्या पडद्याआड बसली होती. पोरे गुरुजींच्या शाळेत शिकलेली असावीत. काही वेळ घुटमळली आणि निघून गेली.

नंतर आमच्या सौभाग्यवतीने भात आणि सुक्या बोंबलाचे कालवण करून पलीकडे पोहोचवले. तिने आम्हांला विचारले नाही. आमची प्रार्थना त्या रात्री खरी होती, हे आम्ही आजही सांगू. पण ती दाराच्या आत राहिली. गुरुजींचे असत्य दाराबाहेर गेले. पुढे एकदा आम्ही त्यांना थट्टेने म्हणालो, "तुम्ही खोटे बोललात की." ते म्हणाले, "ज्याला सत्याने कोणाचा गळा कापायचा आहे, त्याला सत्य मागण्याचा अधिकार नाही."

यावर आमच्या धर्माला काही उत्तर नाही असे नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्याच अध्यायात म्हटले आहे, की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही तेही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणात लिहिलेले असते. प्रभू येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूजवळ थांबला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने चुकीच्या धर्माचा माणूस. याजक आणि लेवी वळसा घालून गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीविषयी हेच सांगितले: तिच्याशी प्रामाणिक राहून ख्रिस्ती माणसे इतर सर्व माणसांबरोबर सत्याचा शोध घेतात. म्हणजे गुरुजी आमच्या शिकवणुकीला अपवाद नव्हते, ते तिचा पुरावा होते. हे आम्ही त्यांना कधी बोलून दाखवले नाही. त्यांना ते आवडलेही नसते.

इकडे पार्ल्याच्या निवडणुकीचा निकाल न्यायालयांत फिरत होता. पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. लाच देणे ज्या कलमात, त्याच कलमात हेही आहे. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. प्रभूंची निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असे ज्यात म्हटले गेले, तो हाच निवाडा. पुढे ते एकच वाक्य सर्वत्र गाजले आणि निवड रद्द झाली ही गोष्ट मात्र लोक विसरले. खुद्द ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी, म्हणजे डिसेंबर २००१ पर्यंत, गेला. गुरुजींनी त्या बातमीचे कात्रण जपून ठेवले. ते आमच्यासाठी असेल, अशी शंका तेव्हा आली नाही.

१९९७ मध्ये महापालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात एक कॅथलिक उमेदवार उभा होता. माणूस सज्जन होता. पण त्याचे काम काय, त्याचे म्हणणे काय, हे आम्ही विचारलेच नाही. आपला आहे, एवढे पुरे झाले. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही काही जण घरोघर फिरलो. आम्हांला कोणी सांगितले नव्हते, धर्मगुरूंना तर पत्ताही नव्हता. एका खोलीत एक वृद्ध विधवा एकट्याच राहत. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांचे मन दुसऱ्या उमेदवाराकडे होते. ती हिंदू बाई होती आणि तिने खटपट करून चाळीच्या मागच्या बाजूला सार्वजनिक नळ आणला होता. मावशींनी तिला शब्द दिला होता. आम्ही म्हणालो, "मावशी, आपल्या माणसाला सोडून दुसऱ्याला मत दिलेत, तर देवाला काय तोंड दाखवाल?"

बोलण्याच्या ओघात निघालेले वाक्य. जिना उतरेपर्यंत आम्ही ते विसरलोही.

मतदानाच्या दिवशी मावशी घराबाहेर पडल्या नाहीत. एकीला दिलेला शब्द मोडला तर पाप, आणि आपल्या माणसाला डावलले तरी पाप. मग जावेच कशाला, असा त्यांनी विचार केला. दर निवडणुकीला नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मावशी त्या दिवशी खिडकीशी बसून राहिल्या. हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही. नळावर गुरुजींना सांगितले. गुरुजी संध्याकाळी आमच्याकडे आले, ११ डिसेंबरच्या निवाड्याचे कात्रण टेबलावर ठेवले आणि चहा न घेता गेले.

ते आम्ही पुन्हा वाचले. मग कायदाही वाचला. मत दिल्यास किंवा न दिल्यास देवाचा कोप होईल असे मतदाराला भासवणे, हा विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकांत त्याच कलम १२३ खालचा गैरप्रकार आहे. आमची निवडणूक महापालिकेची होती, आम्ही उमेदवारही नव्हतो, आणि आमचा माणूस सपाटून पडला होता; म्हणून आमच्यावर कोणी याचिका केली नाही. पार्ल्यातल्या कर्ण्यांवर हजारोंना जे सांगितले गेले, ते आम्ही एका म्हातारीला तिच्या खोलीत जाऊन सांगितले. फरक आवाजाचा होता. आणि कर्ण्यावरच्या वक्त्याने निदान नरकाची भीती घातली नव्हती.

पापनिवेदनात आम्ही ते सांगितले. फादरांनी प्रायश्चित्त दिले आणि मावशींना भेटायला सांगितले. आम्ही दोन दिवस टाळले, मग गेलो. त्यांनी आम्हांलाच धीर दिला, ही आणखी एक शिक्षा. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या राहिल्या नाहीत.

या देशातील ख्रिस्ती पुढाऱ्यांनी एकदा फार मोठा विश्वास टाकला होता, हे आमच्या पिढीला कोणी नीट सांगितले नाही. घटना समितीपुढे धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, जे स्वतः ख्रिस्ती होते, आणि येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांनी अशा जागा सोडून देण्याच्या बाजूने कौल दिला. मे १९४९ मध्ये तसा निर्णय झाला. आम्हांला जागा नकोत, बहुसंख्याक आम्हांला धर्मावरून तोलणार नाहीत अशी आमची खात्री आहे, असा त्याचा अर्थ होता. १९८७ मध्ये पार्ल्यात जे दुखावले, ते हा विश्वास होता. पण मग आपल्या घराघरांतून आपणच तो तराजू हातात घेतला, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

हे केवळ आमच्या चाळीत घडले असेही नाही. २००४ मध्ये केरळात मूवाट्टुपुळा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेल्या पी. सी. थॉमस यांची निवड तिथल्या उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठेवली. कॅथलिक मतदारांना वळवण्यासाठी त्यांच्या प्रचारात पोप महोदय आणि मदर तेरेसा यांच्या छायाचित्रांचा उपयोग झाला होता. याउलट १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे जॉर्ज फर्नांडिस हेही कॅथलिक घरातले, काही काळ सेमिनरीत शिकलेले. त्यांच्यामागे उभे राहिले ते टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार. जॉर्ज कोणत्या देवळात वाढले, याची चौकशी त्यांनी केली नाही.

तर मग श्रद्धेने राजकारणाच्या उंबऱ्यावर चपला काढून बाहेर थांबावे काय? तसे आम्हांला वाटत नाही. दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. हा प्रश्न निवडणुकीत मांडणे म्हणजे अन्यायाविरुद्ध दाद मागणे आहे, धर्माच्या नावाने मत मागणे नव्हे. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय दिला, की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. मूळ खटला आमच्या शेजारच्या सांताक्रूझचा, १९९० च्या निवडणुकीतला. सत्तावीस वर्षे तो चालला. अल्पमतातल्या तीन न्यायाधीशांना भीती वाटली, की धर्म आणि जात यांमुळे सोसलेल्या अन्यायाविषयी बोलणेच त्यामुळे बंद होईल. आमचे मन बहुमताकडे आहे. पण ती भीती पोकळ नाही.

त्याच व्हॅटिकन परिषदेने एक भेद करून ठेवला आहे: ख्रिस्ती माणसे नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने जे करतात ते निराळे, ख्रिस्तसभेच्या नावाने करतात ते निराळे, आणि आपल्या मताला ख्रिस्तसभेचा अधिकार कोणी चिकटवू नये. आम्ही १९९७ मध्ये तेच चिकटवले होते. वर त्यावर देवाचा शिक्काही मारला.

गुरुजी २०१७ चा निवाडा पाहायला नव्हते. त्यांचे कात्रण आमच्या बायबलमध्ये आहे, रोमकरांस पत्राच्या पानात.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी धर्मग्रामातल्या काही तरुणांनी आम्हांला एक पत्रक लिहून मागितले. आता आम्ही अंधेरीला राहतो. त्यांना 'आपल्या' उमेदवारांची यादी हवी होती. आम्ही यादीऐवजी उमेदवारांना विचारायचे प्रश्न लिहिले: गावठाणांच्या जमिनींचे काय, पाण्याच्या वेळांचे काय, झोपडपट्टीतून उठवलेल्यांना घरे कुठे आणि कधी, द्वेषाचे भाषण करणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला तुम्ही जाहीरपणे अडवाल काय. एका मुलाने ते दोनदा वाचले आणि विचारले, "अंकल, यात कॅथलिक असे काय आहे?"

आम्ही त्याला बसायला सांगितले आणि मावशींची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. उठताना म्हणाला, "त्या नळाचा प्रश्नही घालू या का?" मग पत्रक घेऊन तो झेरॉक्सच्या दुकानाकडे गेला.