नखांवरच्या तारखा

७ एप्रिल २०२५, सोमवार
हर्सूलहून साडेतीन वर्षांची मुलगी आली. दोन्ही अंगठ्यांची नखं मुळापासून सुटलेली, खालून पातळ नवं नख येतंय. आई रडवेली. "महिनाभर बुरशीचं मलम लावलं मॅडम, काहीच फरक नाही." फेब्रुवारीत ताप आला होता का, तोंडात फोड, तळहातांवर पुरळ? आईला आठवलं, "हो, अंगणवाडीतल्या चार-पाच लेकरांना एकदमच झालं होतं." म्हणजे हँड-फूट-माउथ. त्या तापात मुळाशी नखाची वाढ थांबते आणि महिना-दोन महिन्यांनी नख असं सुटून येतं. काहींना नुसती आडवी खाच पडते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खाचेचं मुळापासूनचं अंतर मोजलं की आजार कधी झाला याचा अंदाज बांधता येतो. औषध दिलं नाही. सुटलेला भाग कापा, ओढू नका, एवढंच सांगितलं. लहान मुलांच्या नखांना बुरशी क्वचितच होते, तरी मलम मात्र सर्रास दिलं जातं. याची मला खरोखर चीड येते.

१० एप्रिल, गुरुवार
अंगठा चोखणारं एक बाळ, नखुरडं झालेलं. दुसरीकडे पांढरे ठिपके दाखवत आजी म्हणाल्या, "कॅल्शियम कमी पडलं ना?" नाही आजी, बहुतेकदा तो बारीकसारीक मार असतो.

१२ एप्रिल, शनिवार
नऊ वर्षांचा मुलगा हात खिशातून काढेना. विसाच्या वीस नखं सँडपेपरसारखी खरखरीत. केसांत शोधलं, कानामागे चाईचा छोटा चट्टा सापडला. या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात. काही वर्षांत बहुतेकांची नखं आपोआप सुधारतात, हे त्याला समोर बसवून नीट सांगितलं. वर्गातली मुलं हसतात, म्हणाला. त्यावर माझ्याकडे गोळी नाही. बाबांना शाळेत जाऊन बाईंशी बोलायला सांगितलं.

१९ एप्रिल, शनिवार
बुलढाण्याची बातमी वाचून अस्वस्थ झाले. शेगाव तालुक्यात हिवाळ्यात ज्या गावांत लोकांचे केस गळाले, तिथेच आता नखं ठिसूळ होऊन गळताहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं आहे. केस आणि नखं, दोन्हींवर घाव घालणारं ते विष आहे, हे पुस्तकात वाचलेलं. आधी केस आणि काही महिन्यांनी नखं, हा क्रमही नखाच्या संथ वाढीशी जुळतो.

तिकडचे पेशंट आपल्या घाटी रुग्णालयातही येतात, माझ्याकडेही. सोमवारपासून नखाच्या प्रत्येक केसपेपरवर तीन प्रश्न आधी लिहायचे: मागच्या दोन-तीन महिन्यांत कोणता ताप येऊन गेला, घरात आणखी कुणाची नखं किंवा केस गेले का, आणि गहू कुठला खाता.