बारा वर्षांनी

केट बुश हे नाव मी पहिल्यांदा मुलीच्या तोंडून ऐकलं. ही इंग्लंडची रॉक गायिका. १९९३ सालच्या 'द रेड शूज'नंतर तिचा नवा अल्बम 'एरियल' आला तो थेट २००५ साली. मधली बारा वर्षं लोक नाना तर्क करत होते. १९९८ साली तिला मुलगा झाला होता आणि ती घरी त्याला वाढवत होती, इतकंच!

मुलीने त्यातलं एक गाणं लावलं. चक्क कपडे धुण्याच्या मशीनचं! आधी मला हसूच आलं. मग पाण्यात गरगरणारे, एकमेकांत गुंतणारे तिचे नि त्याचे कपडे डोळ्यांपुढे दिसू लागले आणि माझं लाटणं थांबलं. दुसरं गाणं मुलाच्याच नावाचं, बर्टीचं.

माझी संगीत विशारदची परीक्षा मुलीच्या जन्माच्या वेळी राहून गेली. "पुन्हा बस की," असं हे दोन-तीनदा म्हणाले होते. मीच म्हणायची, "आता कुठला गळा राहिलाय?" घरसंसारात गळा जातोच, असं मला खरंच वाटायचं. हिचा तर गेलेला नाही!

रात्री सगळे झोपल्यावर माळ्यावरची पेटी काढली. भात्याला उंदरांनी भोक पाडलंय. सकाळी दुरुस्तीला टाकून आले. बुधवारी मिळेल म्हणाला.