मांडीवरचा पट्टा

ज्याला कंबरपट्टा म्हणतात तो कंबरेला बांधावयाचा नसतो, हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. त्यापायी एक मासा गेला, बेंबीखाली तीन आठवडे मुक्काम ठोकून बसलेला एक काळानिळा डाग पदरी आला, आणि साऱ्या जहाजादेखत एका खलाशाने पट्ट्याला धरून असा खाली हिसडा दिला की आता विजारही जाते की काय, अशी भीती वाटली. मोठ्या माशाशी झुंजताना रॉडचा बुंधा टेकावयाचे ते साधन; इंग्रजीत त्याच्या नावात ‘बेल्ट’ हा शब्द आहे. मी त्याचे मनातल्या मनात मराठी केले, आणि ‘कंबरपट्टा’ म्हटल्यावर आजीच्या पेटीतला तो सोन्याचा दागिना जेथे बसे तेथेच हाही बांधला. दोन भाषांनी मिळून एका माणसास फसवावे, असा तो मामला होता.

मी १९८४ साली सॅन दिएगोस आलो. व्यवसायाने पुलांचे हिशेब करणारा अभियंता. मासेमारीशी संबंध म्हणाल तर लहानपणी रत्नागिरीच्या धक्क्यावर गरीला कोळंबी लावून बसण्यापुरता. सॅन दिएगोच्या पॉइंट लोमा भागातल्या धक्क्यावरून मात्र निराळ्याच जातीची जहाजे सुटतात. वीस-पंचवीस हौशी मंडळी, जिवंत सार्डिनने भरलेल्या टाक्या आणि बर्फाची व्यवस्था बरोबर घेऊन ती बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने दक्षिणेस उतरतात, आणि आठ, दहा, कधी सोळा दिवसांनी परत येतात. ग्वादालूपे बेट, अलिहोसचे खडक, आणि त्यांच्याही खाली रेवियाहिहेदो द्वीपसमूह, ही त्या वाटेवरची प्रसिद्ध ठिकाणे. यांपैकी शेवटचे आता मेक्सिको सरकारने २०१७ साली राष्ट्रीय उद्यान ठरवून मासेमारीस बंद केले आहे, आणि माझा स्वार्थ बाजूला ठेवला तर ते योग्यच केले आहे. त्याच द्वीपसमूहातील सान बेनेदिक्तो बेटापाशी १९७७ साली ३८८ पौंड १२ औंसांचा, म्हणजे सुमारे १७६ किलोंचा, पिवळ्या पराचा कुपा रॉडवर निघाला, आणि तो विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. दोनशे पौंडांहून जड कुप्यास या जहाजांवर ‘गाय’ म्हणतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे आपण म्हणतो. या गाईला दूध नाही, नुसत्या लाथाच आहेत.

श्रीमंतांच्या नौकेवर अशा माशाशी खुर्चीत बसून झुंजतात. खुर्ची तळाशी पक्की बसविलेली, रॉडचा बुंधा खुर्चीच्या वाटीत, आणि मासा पळेल तिकडे तांडेल नौकाच वळवतो. आमचे जहाज नांगरलेले. पंचवीस जणांच्या पंचवीस दोऱ्या पाण्यात. एकाच्या माशासाठी कोणी नांगर उचलत नाही. तेव्हा मासा नाळेकडे गेला की आपण नाळेकडे, पिछाडीला गेला की आपण पिछाडीला, दुसऱ्यांच्या दोऱ्यांच्या कधी वरून, कधी खालून, ‘जरा बाजूला, जरा बाजूला’ करीत जावयाचे. खुर्ची जी कामे करते ती सर्व या दौडीत आपल्याच देहाने करावयाची, आणि पट्टा ही त्या खुर्चीची अंगावर बाळगलेली बैठक.

ही कल्पना या बंदरात नवी नाही. हौशी लोकांच्या आधी येथे कुप्याचा धंदा करणारी जहाजे होती. त्यांवरचे पोर्तुगीज, इटालियन आणि जपानी कोळी पिछाडीबाहेर टांगलेल्या लोखंडी जाळीदार फळ्यांवर, घोट्याशी समुद्र खेळत असता, ओळीने उभे राहत आणि बांबूच्या काठीने मासा डोक्यावरून मागे भिरकावीत. मासा मोठा असला तर दोघांच्या किंवा तिघांच्या काठ्या एकाच दोरीला जोडीत. काठीचा बुंधा टेकावयास त्यांच्या जांघेपाशी चामड्याची जाड गादी बांधलेली असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नायलॉनची जाळी आणि यांत्रिक कप्पी आली, व ती काठी अडगळीत गेली. शेल्टर आयलंडवर त्या कोळ्यांचे स्मारक आहे: तीन पुरुष, तीन काठ्या, एक मासा. मी ते शिल्प अनेक वर्षे कलादृष्टीने पाहत आलो होतो. ज्या दिवशी पोट चोळीत त्याच्यासमोर उभा राहिलो, त्या दिवशी प्रथमच माझी नजर काठीच्या बुंध्याकडे गेली.

आता तो प्रसंग. अलिहोसच्या खडकांपाशी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या गळाला कुपा लागला. पट्टा नवा, एका नामांकित दुकानातून विक्रेत्याच्या शिफारशीवरून घेतलेला. तळहाताएवढी तबकडी आणि तिच्यात वाटी. विक्रेत्याने तो मला सदऱ्यावर, थेट बेंबीखाली, नीट ताणून बांधून दाखविला होता आणि मीही तसाच बांधला होता. पहिली वीस मिनिटे मजेत गेली. पुढे पुढे असे होऊ लागले की मी रॉड उचलला की बुंधा पोटात शिरे, पोट आत गेले की पाठ वाके, पाठ वाकली की रीळ छातीशी येई, आणि रीळ छातीशी आले की ते फिरविण्यासाठी कोपर खांद्याच्या वर न्यावे लागे. मासा चाळीस फादम खाली शांतपणे गोल फिरत होता आणि वर मी ओकारी दाबीत होतो. दीड तासाने, थोडी दोरी सैल पडू दिल्याचा माझाच अपराध झाला आणि गळ निसटला. पोर्तुगीज वंशाचा एक म्हातारा खलाशी हा तमाशा कठड्याला टेकून पाहत होता. तो आला, एक अक्षर न बोलता त्याने माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि मांडीच्या मध्यापर्यंत खाली ओढला. मग म्हणाला, ‘हाडांना काम दे. पोट जेवण्यासाठी आहे.’

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो, कारण पुलाचा हिशेब करणाऱ्यास स्वतःच्या पोटाचा हिशेब न येणे ही शरमेची गोष्ट होती. समजा, दोरी ४५ किलोंना तुटणारी आहे, आणि रिळातील घर्षणाची पकड, म्हणजे ड्रॅग, साधारण पाव हिश्श्याहून किंचित अधिक, १२ किलोंवर मुक्रर केली आहे. वाकलेल्या आखूड रॉडचे टोक पट्ट्यातील वाटीपासून ११० सेंटीमीटर पुढे आहे, आणि हार्नेसचे, म्हणजे पाठीमागून अंगाभोवती घ्यावयाच्या साजाचे, आकडे रिळाला जेथे अडकतात ती जागा वाटीपासून ४० सेंटीमीटर. तर माशाच्या १२ किलोंचा तोल सावरावयास हार्नेसने ३३ किलोंनी मागे ओढले पाहिजे, आणि रॉडचा बुंधा वाटीतून २१ किलोंनी आपल्या अंगात रुतला पाहिजे. तरफ आपला वसूल सोडीत नाही. रॉड लांब घेतला आणि टोक १६० सेंटीमीटरवर गेले, तर तेच आकडे ४८ आणि ३६ होतात. मासा तोच, ड्रॅग तोच. साडेपाच फुटी रॉडचा येथे एवढा आदर का, ते या दोन ओळींत आले. राहिला प्रश्न त्या २१ किलोंचा. ते तळहाताएवढ्या तबकडीतून मूत्राशयावर दाबावयाचे, की रुंद पाटीतून दोन्ही मांड्यांच्या भरदार स्नायूंवर पसरावयाचे, एवढाच पट्ट्याच्या निवडीचा प्रश्न असतो. बाकी रंग, शिलाई आणि खिसे ही दुकानदाराची तजवीज.

म्हणून पट्टा घेताना मी प्रथम पाटीची रुंदी पाहतो. ती दोन्ही मांड्यांवर एकदम टेकली पाहिजे. एकाच मांडीवर कलंडणारी पाटी अर्ध्या तासात पाय बधिर करते. पण येथे आमच्यासारख्यांची एक अडचण आहे. या पाट्या सहा फुटी, दणकट देहाच्या मापाने घडवतात, आणि मी पाच फूट पाच इंच, मांड्या कारकुनाच्या. मोठी पाटी माझ्या गुडघ्याला लागे आणि मी चालताना खुरट्या खेचरासारखा दिसे. अखेर मधल्या मापाची घेतली आणि तिच्या कडा तासून गोल केल्या. त्यानंतर वाटी. रॉडच्या बुंध्याला उभी-आडवी खाच असते आणि वाटीत एक पोलादी खीळ. खाच खिळीवर बसली म्हणजे रीळ डावी-उजवीकडे लोळत नाही. ज्याला रीळ रॉडच्या खाली लोंबणारे, म्हणजे स्पिनिंगचे, वापरावयाचे असेल त्याने खीळ काढून ठेवावी. पाटीमागची गादी पाणी न पिणाऱ्या फेसाची असावी. पाणी पिणारी पहिल्या तासात थंडगार गोधडी होते आणि दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. पट्ट्याचा कंबरेभोवतीचा बंद मात्र सैल ठेवावा. पाटीला खाली धरून ठेवण्याचे काम त्याचे नाही, हार्नेसच्या बाजूच्या बंदांचे आहे.

कारण पट्टा एकटा विकत मिळत असला तरी एकटा चालत नाही. हार्नेसचीही दोन घराणी आहेत: एक कंबरेच्या मागे, मूत्रपिंडांच्या उंचीवर बसणारे, आणि दुसरे त्याहून खाली, नितंबांना झोळीसारखे कवेत घेणारे. मी दुसऱ्या घराण्याचा अनुयायी आहे, कारण त्यात खरोखर बसता येते, आणि साठी ओलांडलेल्या माणसास बसण्याइतके शास्त्रशुद्ध दुसरे काही वाटत नाही.

या सगळ्याचा मेळ समुद्रावर घालू नये. तेथे मासा थांबत नाही. मी तो परसात घातला. दोरीचे टोक कुंपणाच्या खांबाला ताणकाटा लावून बांधले, पाटी मांडीवर, आकडे रिळाला, गुडघे वाकवून मागे रेललो, आणि काट्यावरचा आकडा वाचावयास सौभाग्यवतींना उभे केले. ‘नऊ... अकरा... बारा. अहो, आता पुढे काय?’ पुढे मी दोन्ही हात सोडले. हीच खरी कसोटी. मेळ बरोबर असेल तर रॉड हवेत जसाच्या तसा राहतो, हार्नेसचे बंद जमिनीशी जवळजवळ समांतर दिसतात, डावा हात सरळ केला की रॉडच्या मुठीला सहज लागतो, आणि बारा किलो असूनही नसल्यासारखे वाटतात. माझा रॉड पहिल्यांदा छातीवर आला. बंद एक एक इंच सोडीत सातव्या खेपेस जागी राहिला. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बराच वेळ पाहत होते. सौभाग्यवतींनी त्यांना हात हलवून, काही चिंतेचे कारण नाही, असे सुचविले.

वापराविषयी थोडे. हाताने ओढू नये, मागे बसावे. बसल्याने टोक चार बोटे वर येते, उठताना रिळाचा अर्धा वेढा घ्यावा, पुन्हा बसावे. रॉड आकाशाकडे उभारण्याची जी ऐट छायाचित्रांत दिसते ती तरफेच्या दृष्टीने उधळपट्टी आहे. कुपा थकला की जहाजाखाली वर्तुळे घेतो. वर्तुळाचा अर्धा भाग तो आपल्याकडे येतो, अर्धा दूर जातो. दूर जाताना निमूट बसून राहावे, येताना दोरी वसूल करावी. नवखा माणूस नेमका उलटे करतो. आणि एक सावधगिरी: हार्नेसने आपण रिळाला जखडलेले असतो, म्हणजे पर्यायाने माशाला. आकडे एका हाताने सोडवता येतात की नाही हे डोळे मिटून करून पाहावे, आणि कठड्यापाशी मासा उसळी घेईल त्या वेळी पाठीशी कोणी तरी उभे असावे. दोरी तुटली तर मागे पडतो, त्यात फार तर हसे होते. पुढे पडणे निराळे.

अलीकडे जहाजांवर पट्टे कमी दिसू लागले आहेत. दोरी बारीक आणि बळकट झाली, रिळे लहान झाली, आणि तरुण मंडळी रॉड कठड्यावरच टेकवून, कठड्याचाच टेकू करून मासा काढतात. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांप्रमाणे असा मासा विक्रमास अपात्र ठरतो. पण विक्रम कोणाला हवा असतो? मीही सत्तरीनंतर कठड्याचा आश्रय घेतो, हे येथे कबूल करून टाकतो. मात्र मासा नांगराच्या दोराकडे वळला आणि नाळेकडे धावावे लागले, की कठडा बरोबर येत नाही. तेव्हा पट्टा आजही माझ्या पेटीत असतो.

असतो म्हणजे, गेल्या भाद्रपदात एका दिवसापुरता नव्हता. येथल्या गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या स्नेह्यांचा मुलगा पथकाचा ध्वज नाचविणार होता. बांबू चांगला बारा फुटी, वरून समुद्रावरचा वारा. त्याने पोटाला टॉवेल गुंडाळलेला पाहून मी घरून पट्टा आणून दिला. त्याने तो अर्थातच बेंबीवर, नीट ताणून बांधला. ताशा सुरू झाला होता, बोललेले ऐकू येण्याजोगे नव्हते. मी दोन्ही हातांनी पाटी धरली आणि खाली हिसडा दिला. पोराने दचकून एका हाताने पायजमा सावरला. बांबूला खाच नसल्यामुळे त्याने खीळ काढून कोणाकडे तरी दिली होती. पट्टा परत आला तो गादीच्या शिवणीत गुलाल घेऊन, तीनदा धुतला तरी पाणी अजून फिके गुलाबी येते. खीळ मात्र मिळाली नाही. लोखंडी सामानाच्या दुकानातून त्याच जाडीचा एक पोलादी बोल्ट आणून तूर्त काम भागविले आहे.