बोस्टनचा चहा आणि आमची एक जुनी चूक

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा पिंड नव्हे. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि इतिहास शिकविण्यांत गेलीं. त्या काळांत आमचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा. परंतु पुतण्याच्या आग्रहामुळें गेल्या चैत्रांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं महिनाभर राहण्याचा योग आला, आणि आमच्या हातून वर्षानुवर्षें होत आलेली एक चूक तेथें आम्हांस सांपडली. ती वाचकांपुढें, विशेषतः आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपुढें मांडणें कर्तव्य वाटतें. म्हणून हा प्रपंच.

बोस्टनच्या जुन्या भागांत पादचाऱ्यांच्या वाटेवर एक तांबडी रेघ आखलेली आहे. कोठें विटांची, कोठें नुसत्या रंगाची. अडीच मैलांची ही रेघ धरून चाललें असतां अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभींचीं स्थळें एकामागून एक पाहावयास मिळतात. पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा आमचा वाटाड्या झाला. थंडी अद्याप सरली नव्हती. आम्ही कानटोपी घालून निघालों.

पहिला मुक्काम 'ओल्ड साउथ' नांवाच्या विटांच्या प्रार्थनामंदिरांत झाला. १६ डिसेंबर १७७३ रोजीं सुमारें पांच हजार लोक येथें जमले होते. येथूनच ते बंदरावर गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या त्यांनीं समुद्रांत रिकाम्या केल्या. आम्ही सराईतपणें म्हणालों, "इंग्रजांनीं चहावर जबर कर बसविला, चहा महाग झाला, म्हणून लोक खवळले." मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. "पण आजोबा, चहा तर स्वस्त झाला होता!"

आम्ही निरुत्तर झालों. तें एक वाक्य आम्हीं चौतीस वर्षें फळ्यावर लिहिलें होतें आणि परीक्षेंत त्यास गुणहि दिले होते! घरीं येऊन पुतण्याच्या संग्रहांतील इतिहासग्रंथ काढून बसलों. मुलाचें म्हणणें खरें होतें.

प्रकरण असें आहे. १७६३ सालीं सात वर्षांचें युद्ध संपलें. इंग्लंडनें फ्रान्सपासून कॅनडा मिळविला, परंतु राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झालें. वसाहतींच्या रक्षणासाठीं खर्च झाला, तेव्हां त्यांनींहि भार उचलावा, असा मंत्र्यांचा विचार. तो वरवर पाहतां अन्यायाचा वाटत नाहीं. १७६५ सालीं मुद्रांकाचा कर आला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रें, इतकेंच काय, पत्त्यांचे जोडहि त्यांतून सुटले नाहींत. वसाहतवाले म्हणाले, "पार्लमेंटांत आमचा एकहि सभासद नाहीं, मग आम्हांवर कर बसविणारे तुम्ही कोण?" गवगवा झाल्यावर पुढल्याच वर्षीं तो कर रद्द झाला, पण त्याबरोबरच, वसाहतींसाठीं वाटेल तो कायदा करण्याचा हक्क आपणांस आहे, असेंहि पार्लमेंटानें जाहीर करून ठेवलें. १७६७ सालीं कांच, कागद, रंग, शिसें व चहा यांवर जकात बसली. १७७० त बाकीच्या जकाती उठल्या. चहावरील पौंडामागें तीन पेन्स तेवढे राहिले. ते हक्काची खूण म्हणून राखले होते.

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. १७६५ त बंगालची दिवाणी कंपनीच्या हातीं गेली. १७७० च्या दुष्काळांत तो प्रांत उजाड झाला. आणि १७७२ सालीं कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या तिच्या वखारींत चीनचा चहा न खपतां पडून होता. तिला तारण्यासाठीं १७७३ च्या कायद्यानें इंग्लंडमधील जकात माफ करून तो चहा थेट अमेरिकेस धाडण्याची मुभा दिली. त्यामुळें तो चोरट्या मार्गानें येणाऱ्या डच चहाहूनहि स्वस्त पडणार होता. या स्वस्ताईनें कांहीं व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, हेंहि खरें. परंतु सामान्य जनांस बोंचले ते तीन पेन्स. तो चहा घेणें म्हणजे परक्या सभेचा हक्क मुकाट्यानें कबूल करणें होतें.

'रघुवंश' शिकवितांना दिलीप राजा प्रजेच्याच कल्याणासाठीं कर घेई, हें आम्हीं कितीदां तरी रंगवून सांगितलें आहे. पण कर किती घ्यावा हें कोणी ठरवावें, असा प्रश्न आम्हीं वर्गांत कधीं काढला नाहीं. बोस्टनच्या लोकांनीं तोच काढला.

दुसरे दिवशीं आम्हीं मुलास विचारलें, "तुझ्या खिशांतलें एक नाणें कोणी न विचारतां घेतलें आणि वर तुला स्वस्तांत खाऊ दिला, तर?" तो म्हणाला, "आधीं मला विचारायला हवें!" आम्ही म्हणालों, "बस्, बाळ. युद्धाचें कारण तें हेंच."

पुढें जुन्या राजसभागृहापाशीं आलों. त्यासमोर ५ मार्च १७७० रोजीं इंग्रज शिपायांच्या गोळीबारांत पांच जण मेले. त्यांत आफ्रिकी वंशाचा क्रिस्पस ॲटक्स होता. त्या शिपायांचें वकीलपत्र घेणारा जॉन ॲडम्स स्वतः वसाहतींच्या पक्षाचा, आणि पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला! आठांपैकीं सहा शिपाई निर्दोष सुटले. या इमारतीच्या सज्जांतून १८ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. मात्र जवळच्याच ज्या फॅन्युइल सभागृहांत स्वातंत्र्याचीं भाषणें गाजलीं, तें बांधून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या संपत्तींत गुलामांच्या व्यापाराचा पैसा होता. 'आधीं विचारा' हें तत्त्व गुलामास लागू झालें नाहीं. साऱ्या देशांतून गुलामगिरी नाहींशी होण्यास १८६५ साल उजाडावें लागलें.

शेवटीं बंकर हिलचा मनोरा. २९४ पायऱ्या चढतांना आमच्या गुडघ्यांनीं तक्रार केली. मुलगा वर पोंचून हांका मारीत होता. चहाच्या शिक्षेदाखल १७७४ त बंदर बंद झालें. १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्झिंग्टन व कॉन्कर्ड या गांवीं पहिल्या गोळ्या सुटल्या. आणि १७ जून रोजीं या टेकडीवर रण माजलें. टेकडी इंग्रजांनीं घेतली, परंतु त्यांचे हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. त्या हिवाळ्यांत हेन्री नॉक्स यानें बर्फांतून ओढून आणलेल्या तोफा वॉशिंग्टननें शहराच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर चढविल्या, आणि १७ मार्च १७७६ रोजीं इंग्रजांनीं बोस्टन सोडलें.

पुढील युद्ध दूर गेलें. १७७७ त साराटोगा येथें एक इंग्रज फौज शरण आली. तें पाहून १७७८ त फ्रान्स वसाहतींस मिळाला. आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं यॉर्कटाउन येथें फ्रेंच आरमार व दोस्त फौजा यांच्या कोंडींत सांपडून लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. १७८३ च्या पॅरिसच्या तहानें स्वातंत्र्य मान्य झालें.

मनोऱ्यावर दम घेत असतां आम्हांस घरची आठवण झाली. हें युद्ध चालूं असतांच, जानेवारी १७७९ त, वडगांव येथें मराठ्यांनीं कंपनीच्या मुंबईकर फौजेस नमविलें होतें. आणि तोच कॉर्नवॉलिस १७८६ त गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. १७९२ त श्रीरंगपट्टणापुढें टिपूविरुद्ध तो उभा राहिला, तेव्हां हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या दोस्त होत्या. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं पेशवाई बुडाली. वडगांवीं शौर्य उणें नव्हतें. परंतु कंपनीचा स्वस्त चहा नाकारणारे तेथें होते, आणि कंपनीची सोईची दोस्ती पत्करणारे येथें होते, हा भेद मनांतून जाईना.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं आज कोणी आजोबा झाले असतील. नातवंडांस हा धडा सांगतांना "चहा महाग झाला म्हणून" असें त्यांनीं सांगूं नये. तें वाक्य आमचें होतें आणि तें चुकीचें होतें. त्यास दिलेले गुण आतां परत घेतां येत नाहींत. चूक मात्र आमच्या खातीं मांडावी. ती दाखवून देणारा दहा वर्षांचा गुरु बोस्टनला असतो.